सातवी खिडकी

चंद्रहास मोहरीलशी मी चार महिने बोलले नव्हते. आयर्लंडमधल्या ॲथलोनसारख्या गावात हे जमवणं सोपं नाही. इथे मराठी घरं मोजून अकरा, त्यातली आमची दोन नदीच्या एकाच बाजूला, आणि दुधाला जायचं दुकानही एकच. तो दिसला की मी तडक दह्याच्या फ्रीजकडे वळायचे आणि तो बाहेर पडेपर्यंत डब्यांवरच्या तारखा वाचत उभी राहायचे. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहीन त्यात माझा राग किती आणि चंद्रहास किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

माणूस नागपूरचा. धरमपेठेत वाढलेला, मेकॅनिकल इंजिनिअर, वय चोपन्न. इथल्या एका कारखान्यात हृदयाच्या नळ्यांत घालायच्या बारीक जाळ्या बनतात, तिथे तो व्हॅलिडेशनचं काम करतो. म्हणजे यंत्र कसं चालायला हवं ते आधी कागदावर लिहायचं, मग तीनदा चालवून सिद्ध करायचं, मग सही करायची. सही होईपर्यंत यंत्र उत्तम चालत असलं तरी चालत नाही असंच धरायचं. कुणाच्या तरी छातीत जाणारी वस्तू असते, तिथे 'होऊन जाईल' म्हणणारा माणूस नकोच, हे मलाही कळतं. पण चंद्रहास संध्याकाळी घरी येताना हे सगळं बरोबर घेऊन यायचा. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्याच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक प्रेसवर आत काय आहे त्याची छापील चिठ्ठी. मिक्सरचं झाकण सैल झालं की आपण हातानं दाबून धरतो आणि चटणी वाटून घेतो. त्याच्या घरी नवं झाकण मागवलं जायचं, आणि ते येईपर्यंत चटणी बंद. जुगाड हा शब्द त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. "तो प्रकार मी नागपूरला ठेवून आलो," म्हणायचा. "अरे यार, त्यानंच माणसं मरतात."

वीणा त्याची बायको आणि माझी मैत्रीण. विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करायची आणि उरलेल्या वेळात सगळ्या गल्लीची चौकशी. मूल नव्हतं. त्याचं जे काही दुःख करायचं ते दोघांनी ॲथलोनला यायच्या आधीच करून घेतलं होतं, असं ती एकदाच म्हणाली होती. आठ वर्षांपूर्वी त्यांनी शॅनन नदीच्या पश्चिमेकडच्या अरुंद गल्लीत शंभर वर्षांचं जुनं घर घेतलं. माझा नवरा सारंग सांगून थकला की नवं घ्या, जुन्या घरात थंडीनं मराल. पण वीणानं वरच्या मजल्यावरची पुढची खोली बघितली, खिडकीच्या कट्ट्यावर बसून बघितलं आणि म्हणाली, "हेच."

त्या खिडकीतून सगळी गल्ली दिसायची आणि गल्लीच्या टोकाला नदीची एक पट्टी. सकाळी चहा घेऊन ती तिथे बसली की येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी लागायची. टोपीवाले, दोन कुत्र्यांची बाई, आणि रोज शाळेला उशीर होणारी एक लालकेशी मुलगी, जिचं नाव तिनं 'आलेच' असं ठेवलं होतं. लोकही वर बघून हात करायचे. समोरच्या घरात ब्रीज नावाची अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी एकटी राहते. तिच्या आणि वीणाच्या गप्पा रस्त्यावरून, खिडकीतून खिडकीत चालायच्या. आयर्लंडमध्ये हवेवर इतकं बोलता येतं हे मला त्या दोघींमुळे कळलं.

खिडक्या जुन्या पद्धतीच्या. दोन काचेच्या चौकटी, एकीपुढे एक, वर-खाली सरकणाऱ्या. चौकटीच्या दोन्ही कडांना दोरी. दोरी वरच्या कप्पीवरून जाते, भिंतीकडच्या पोकळ लाकडी खोक्यात उतरते, आणि तिच्या टोकाला वजन लटकतं. चौकट वर ढकलली की आतलं वजन खाली जातं, आणि जिथे हात काढाल तिथे चौकट थांबते. पण मोहरीलांच्या सातही खिडक्यांच्या दोऱ्या कुजल्या होत्या, कप्प्या रंगाच्या थरांखाली गच्च झाल्या होत्या. वर केलेली चौकट धाडकन खाली यायची. त्यावर ब्रीजनं तोड काढली. तिच्या मुलाची हर्लिंग हा इथला खेळ खेळायची एक मोडकी काठी पडली होती, ती वीणाला आणून दिली. चौकट उचलायची, खाली काठी उभी करायची. सात वर्षं वीणा त्या काठीवर सुखात होती. चंद्रहास काठी बघून नाक मुरडायचा आणि एकदा सगळं नीट करतो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी वीणाला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. डब्लिनजवळच्या टॅलाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, केमो झाली, मग सात महिने बरे गेले. मग ते परत आलं.

गेल्या ऑगस्टमध्ये काठी निसटली आणि चौकट वीणाच्या मनगटावर आली. हाड वाचलं. पण रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू होती, त्यामुळे कोपरापर्यंत हात काळानिळा झाला. मी गेले तेव्हा चंद्रहास तो हात मांडीवर घेऊन बसला होता. "आता या घरात एकही खिडकी काठीवर राहणार नाही," तो म्हणाला. त्या दिवशी मला त्याचं कौतुक वाटलं होतं. तेही लिहायला हवं.

वीणानं एकच मागितलं. "मला बसल्या जागेवरून, एका बोटानं उघडता येईल अशी करून दे. हातात जोर राहिला नाही रे."

"होईल," तो म्हणाला.

"मग माझी आधी कर."

"तुझी सगळ्यात शेवटी. आधी पायलट. सहा खिडक्यांवर हात बसू दे, म्हणजे तुझ्या खिडकीत एकही चूक होणार नाही."

वीणा खो खो हसली. "मेधा, ऐकलंस ना? सहा उंदीर आणि सातवी मी."

मीही हसले. तेव्हा सगळं हसण्यावारी नेता येत होतं. डॉक्टरांनी फेब्रुवारीपर्यंत धरून चाला असं सांगितलं होतं, आणि ऑगस्टमधून फेब्रुवारी लांब दिसतो. चंद्रहासनं तो फेब्रुवारी कॅलेंडरवर धरला आणि तिथून मागे मोजत आला. नाताळाच्या आधी सातवी खिडकी, म्हणजे वर दीड-दोन महिने हाताशी.

त्यानं मागच्या अडगळीच्या खोलीपासून सुरुवात केली. दर शनिवार-रविवार तेच. कडेच्या पट्ट्या न मोडता सोडवायच्या, चौकट उतरवायची, खोक्याचं झाकण उघडून आतलं लोखंड बाहेर काढायचं. कप्प्या उकळत्या पाण्यात टाकून रंग सोडवायचा, मग आतून पितळ निघायचं. चौकट वजनकाट्यावर ठेवायची. खालच्या चौकटीला दोन्ही वजनं मिळून चौकटीपेक्षा थोडी हलकी लागतात, म्हणजे ती बंद राहते. वरचीला थोडी जड. मेण लावलेली सुती दोरी आधी दोन दिवस वजन बांधून टांगून ठेवायचा, नंतर ताणली जाऊ नये म्हणून. शेवटी खिडकी पन्नास वेळा उघडायची आणि मिटायची, दर वेळी कागदावर एक रेघ. वीणा वर पडल्या पडल्या कप्पीचा आवाज मोजायची आणि अठ्ठेचाळीस झाले की ओरडायची, "अजून दोन! चोरी नको!"

काम सुंदर झालं होतं, खोटं कशाला बोलू? ऑक्टोबरच्या शेवटी सहा खिडक्या झाल्या. स्वयंपाकघरातली झाली त्या दिवशी वीणा कठडा धरून एकेक पायरी खाली आली, खुर्चीवर बसली, आणि एका बोटानं तिनं ती खिडकी छातीइतकी वर नेली. बोट काढलं. खिडकी तिथेच थांबली. वीणानं माझ्याकडे असं बघितलं की मला रडू आलं. मग चंद्रहासनं तिला उचलून वर नेलं. त्यानंतर ती खाली आली नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सातवी उतरवली. खालचं लाकूड कुजलेलं निघालं, ते कापून नवं जोडलं. इथपर्यंत ठीक होतं. पण वीणाला आता सतत थंडी वाजायची, म्हणून या एका खिडकीला त्यानं पातळ दुहेरी काच घातली. इतर सहांना नव्हती. फक्त तिला. त्या काचेनं सगळं गणित फिरवलं. नऊ किलोची चौकट सोळा किलोची झाली. जुनं लोखंड पुरेना, मोठं लोखंड खोक्यात मावेना. शिशाची वजनं हवी होती, ती ओतून देणारा माणूस कॉर्क शहराजवळ मिळाला. चार दिवस लागतील म्हणाला.

चार दिवसांसाठी चंद्रहासनं खिडकीच्या जागी प्लायवूडची फळी ठोकली. ठोकली कसली, सोळा स्क्रू लावून बसवली, कडेनं रबराची पट्टी, वाऱ्याची झुळूक आत येणार नाही अशी. खोलीत दिवसा दिवा लावायला लागला. नर्स आली, म्हणाली ग्रँड, म्हणजे छान, उबदार आहे. वीणा पलंगावरून त्या फळीकडे बघत पडून राहायची.

मागच्या खोलीत पलंग हलवूया असं त्यानं विचारलं होतं. तिथून शेजारच्या गॅरेजची भिंत दिसते. "भिंतच बघायची तर इथे काय वाईट आहे? चार दिवसांचा तर प्रश्न आहे," वीणा म्हणाली.

वजनं दहाव्या दिवशी आली. चारपैकी एक तीनशे ग्रॅमनं कमी भरलं. तीनशे ग्रॅम! चंद्रहासनं ते परत पाठवलं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "चंद्रहास, चौकट तयार आहे ना? मग ती नुसती लावून टाक. उघडायला नको. काच तर दिसेल! बाहेरचं तरी दिसेल तिला."

"आणि नर्सनं उघडली तर? सोळा किलो आहे, मेधा. एका बाजूला कमी वजन असलं तर ती तिरपी अडकते, नाहीतर सुटून खाली येते. हातावर आली तर मनगट राहणार नाही."

"मग खिळा मार. उघडू नका अशी चिठ्ठी लाव. तुला चिठ्ठ्या लावायला आवडतात."

"आणि वजन आलं की परत सगळं उचकटायचं? नव्या पुट्टीवर? तिच्या डोक्याशी धूळ करायची?" तो शांतपणे सांगत होता आणि प्रत्येक गोष्टीत त्याचं बरोबर होतं. "एकदाच करू आणि नीट करू. मी तिला शब्द दिलाय."

मी घरी येऊन सारंगवर चिडले. सारंग म्हणाला, त्यांच्या घरातलं आहे, आपण बोलू नये. दुसरं वजन येईपर्यंत आणखी दोन आठवडे गेले.

सोमवारी दुपारी वीणापाशी बसायची पाळी माझी असायची. चंद्रहासनं बहुतेक रजाच घेतली होती, पण सोमवारी अर्धा दिवस तो कारखान्यात जाऊन यायचा. नोव्हेंबरातल्या त्या शेवटच्या सोमवारी मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले. तिनं दोन घास घेतले, ते माझ्या समाधानासाठी. मग म्हणाली, "मेधा, शाळा सुटली असेल का गं?"

"बघून येते," म्हणून मी खाली गेले, दार उघडून रस्त्यावर उभी राहिले आणि परत वर येऊन सांगितलं. सुटली आहे, तुझी 'आलेच' आता घरी जाताना मात्र सगळ्यात पुढे आहे. वीणाला मजा वाटली. "आणि टोपीवाले?" मी परत खाली. टोपीवाले न्हाव्याच्या दारात उभे होते आणि टोपी हातात होती, म्हणजे केस कापून झाले असणार. हे वर येऊन सांगितलं. मग नदीला पाणी किती आहे, मग ब्रीजनं कपडे वाळत घातलेत का. चार वेळा मी तो जिना उतरले आणि चढले. चौथ्या वेळी मला धाप लागली होती आणि ती डोळे मिटून ऐकत होती.

"पुरे," ती म्हणाली. मग फळीकडे न बघता म्हणाली, "मला एकदा बाहेर बघायचंय गं. सारखी फळी बघून असं वाटतं की झाकण लागलं आता."

मी तिचा हात धरला. "मी आजच सांगते त्याला."

"नको. माझी शपथ आहे तुला. इतकं जीव लावून करतोय तो. त्याला वाटेल मी कंटाळले त्याच्या कामाला. गुरुवारी वजन येतंय म्हणाला. होईल."

मी शपथ पाळली. तो साडेचारला घरी आला, मी त्याला डब्यात भात उरलाय म्हणून सांगितलं आणि निघाले.

बुधवारी सकाळी वीणा गेली. फेब्रुवारी यायला अजून दोन महिने होते.

मला फोन आला तेव्हा दहा वाजत होते. मी पोचले तर ब्रीज आधीच आली होती, ॲप्रनवरच कोट चढवून. तिनं वीणाचे केस नीट केले, चादर सारखी केली, आणि खिडकीकडे बघून चंद्रहासला हळूच म्हणाली, "उघडायला हवी, चंद्रा. माणूस गेलं की खिडकी उघडतात आमच्यात. तिला जायला वाट हवी."

चंद्रहासनं जिन्याखालच्या पेटीतून ड्रिल आणलं. एकेक स्क्रू काढायला लागला, काढलेला स्क्रू खिशात टाकायला लागला. ब्रीजनं जपमाळ काढली होती. तिचे पहिले दहा मणी पुरे व्हायच्या आत फळी त्याच्या हातात आली. खोलीत एकदम उजेड आला, गार हवा आली, गाड्यांचा आणि माणसांचा आवाज आला. उजेडात वीणाचा चेहरा दिसला. दिव्याच्या प्रकाशात तो इतका पिवळा झालाय हे आम्हाला कळलंच नव्हतं. आपण मध्ये उभं राहू नये, तिची वाट अडते, असं म्हणून ब्रीजनं मला बाजूला घेतलं. चंद्रहास फळी पोटाशी धरून भिंतीला टेकला होता. खाली रस्त्यावरून कुणीतरी सवयीनं वर बघून हात केला.

गुरुवारी वजन आलं. वीणा त्या वेळी अंत्यविधी करणाऱ्यांच्या जागेत होती, शुक्रवारी डब्लिनला तिचं दहन होतं, आमच्या घरात नागपूरहून फोनवर फोन येत होते. मी त्याला जेवायला बोलवायला गेले तर हा माणूस शिडीवर उभा राहून कप्पीवरून दोरी ओवत होता. मला म्हणाला, "दहा मिनिटं. पन्नास वेळा चेक करून राहिलोय."

मी तशीच परत फिरले. दहनाला त्याच्यापासून लांब उभी राहिले. त्यानंतर बोलले नाही.

मार्चच्या शेवटी ब्रीजनं मला दुकानात अडवलं. युवर मॅन, म्हणजे चंद्रहास, वाळून चाललाय, म्हणाली. ती दारात जेवण ठेवून जाते, ते तसंच्या तसं राहतं. कामावर जातो, येतो, वर जाऊन बसतो. "तुमच्या भाषेत कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं," ती म्हणाली आणि दह्याच्या फ्रीजपाशी उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

शनिवारी दुपारी मी झुणका आणि पोळ्या घेऊन गेले. खरं सांगायचं तर दया कमी आणि भांडण जास्त घेऊन गेले होते. चार महिने वाक्यं तयार होती. त्यानं दार उघडलं तेव्हा शर्टाच्या कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती. तो वर निघाला, मी मागोमाग. पलंग गेला होता, सतरंजी होती. खिडकी होती.

"बघ," तो म्हणाला.

मी बोट लावलं. सोळा किलो वजन आवाज न करता वर गेलं आणि मी जिथे सोडलं तिथे थांबलं. इतकी सुंदर खिडकी मी ॲथलोनमध्ये दुसरी बघितलेली नाही. आणि माझं डोकं फिरलं.

"छान झालीय," मी म्हणाले. "कुणासाठी?"

तो सतरंजीवर बसला. मला वाटलं रागावेल, रागावला नाही. म्हणाला, "मंगळवारी ती मला म्हणाली होती. चंद्रहास, राहू दे ती वजनं. फळी काढ. थंडी वाजली तर वाजू दे, मी गोधडी घेते. मी म्हणालो, परवा वजन येऊन राहिलंय. गुरुवारी लावतो." त्यानं सतरंजीची कड सरळ केली. "ती म्हणाली, बरं."

एवढंच. बरं. मीही सतरंजीवर बसले.

"तुला काही बोलली होती?" त्यानं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. "सोमवारी," मी म्हणाले. "मला म्हणाली, एकदा बाहेर बघायचंय. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली."

त्यानं मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. "सोमवारी? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"मी आलो तेव्हा तू इथेच होतीस. भात आहे म्हणून सांगितलंस."

"हो."

"तू सोमवारी सांगितलं असतंस तर मी फळी काढली असती. त्याच दिवशी काढली असती. दोन दिवस तिनं बाहेर बघितलं असतं, मेधा."

जिभेच्या टोकावर होतं. अरे बाबा, मंगळवारी खुद्द तिनं सांगितलं तर तू गुरुवार म्हणालास, माझं काय ऐकणार होतास? पण त्याचा आवाज चढला होता, चेहऱ्यावर रंग आला होता, आणि चार महिन्यांत या माणसाला स्वतःखेरीज दुसरं कुणी चिडायला मिळालं नसावं.

"खरं आहे," मी म्हणाले. "मी सांगायला हवं होतं. चूक माझी झाली."

"जा तू," तो म्हणाला. मी डबा तिथेच ठेवून उठले.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. दुकानात मी दिसले तर आता तो वळतो. दुसऱ्या दिवशी माझा डबा ब्रीजकडे देऊन गेला. धुतलेला होता आणि रिकामा होता. ब्रीज सांगते, जेवायला लागलाय, रविवारी तर आमटीला फोडणी दिल्याचा वास रस्त्यापर्यंत आला. मी काय केलं हे तिला माहीत नाही. सारंगला सांगितलं तर तो म्हणाला, कशाला ओढवून घेतलंस? मी म्हणाले, त्याला पेलवत नव्हतं, मी थोडं घेतलं. मोठेपणानं म्हणाले. त्याच्यासाठी एक खोटं बोलले म्हणून मला स्वतःचं बरंच बरं वाटत होतं.

मागच्या आठवड्यात आमच्या बाथरूमच्या पडद्याची दांडी निखळली. सारंग ऑफिसात होता. मी ड्रिल काढलं, सहा स्क्रू सोडवले, दांडी सरळ केली, परत सहा स्क्रू बसवले. चहा गार व्हायच्या आत झालं. ड्रिल हातात घेऊन तशीच टबाच्या काठावर बसले.

त्या सोमवारी घरात वीणा आणि मी, दोघीच होतो. चंद्रहास साडेचारपर्यंत येणार नव्हता. जिन्याखाली त्याची ड्रिलची पेटी उघडी होती, चार वेळा खाली जाताना आणि चार वेळा वर येताना मी तिला वळसा घालून गेले. शपथ होती ती त्याला सांगायचं नाही एवढीच.